ताटावरून उठून जाणारी मुले : महामारी, खाण्याचे विकार आणि स्वतःला इजा करण्याविषयी

२०२०च्या मार्चअखेर टाळेबंदी लागली तेव्हा आपल्या वस्त्यांतील कार्यकर्ते सर्वांत आधी शिध्याच्या कामाला लागले. तांदूळ, डाळ, तेल, साखर, साबण यांची किटे बांधली, घरोघर पोहोचवली. त्या वर्षीची १४ एप्रिलची जयंती आपण घराच्या उंबरठ्याआतच साजरी केली. कोणत्या घरात किट पोहोचले नाही, याची यादी आपल्याकडे होती. किट पोहोचलेल्या घरात कोण जेवत नव्हते, याची यादी मात्र कोणाकडेच नव्हती.

जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी कोविडची जागतिक आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. पण त्या दोन वर्षांत पंधरा ते पंचवीस वयाची जी मुले-मुली खोलीच्या कोपऱ्यात मोबाईल धरून बसली होती, त्यांतील अनेकांचे जेवण, झोप आणि स्वतःच्या शरीराशी असलेले नाते तेव्हा बिघडले ते अजून रुळावर आलेले नाही. खाण्याचे विकार आणि स्वतःला इजा करणे या दोन गोष्टींवर आपल्याकडे जवळजवळ बोलले जात नाही. युवक मंडळे, विद्यार्थी संघटना, वसतिगृहे आणि विहारांत काम करणाऱ्यांच्या हाताशी असावी म्हणून ही माहिती आम्ही येथे एकत्र देत आहोत.

वाचण्याआधी एक सूचना. या लेखात स्वतःला इजा करणे आणि आत्महत्या यांचा उल्लेख आहे. तुम्ही स्वतः सध्या त्या अवस्थेत असाल तर लेख बाजूला ठेवा आणि आधी १४४१६ या टेली-मानस क्रमांकावर बोला. सेवा मोफत आहे, चोवीस तास आहे आणि मराठीतही बोलता येते.

आधी शब्द समजून घेऊ

खाणे विस्कटणे ही सर्वसाधारण अवस्था आहे. मुद्दाम जेवण टाळणे, एकाच वेळी प्रमाणाबाहेर खाणे, खाल्ल्यावर अपराधी वाटणे, दिवसभर फक्त जेवणाचा आणि वजनाचा विचार करणे हे त्यात येते. प्रत्येक विस्कटलेले खाणे म्हणजे आजार नव्हे. पण ते लांबले, वाढले आणि रोजच्या जगण्याच्या आड येऊ लागले की डॉक्टर त्याला खाण्याचा विकार म्हणतात.

त्यांतील तीन प्रमुख विकार असे. ॲनोरेक्सिया नर्व्होसामध्ये व्यक्ती शरीराच्या गरजेपेक्षा फार कमी खाते, वजन धोकादायक पातळीपर्यंत उतरते, तरी आपल्याला काही झाले आहे हे तिला पटत नाही. मृत्यूचा धोका सर्वाधिक असलेल्या मानसिक आजारांत याची गणना होते. बुलिमियामध्ये ताबा सुटून भरपूर खाणे आणि नंतर ते अन्न कसेही करून शरीराबाहेर काढण्याचा किंवा त्याची भरपाई करण्याचा प्रयत्न, असे चक्र चालते. वजन सर्वसाधारण असल्यामुळे घरच्यांना अनेकदा पत्ताही लागत नाही. बिंज इटिंगमध्ये ताबा सुटून खाणे असते, भरपाईचा प्रयत्न नसतो, पण लाज आणि स्वतःबद्दलचा तिटकारा असतो.

स्वतःला इजा करणे म्हणजे मनातील असह्य ताण सहन न होऊन स्वतःच्याच शरीराला जखम किंवा वेदना देणे. असे करणाऱ्या बहुतेकांना त्या क्षणी मरायचे नसते. आतला कल्लोळ थोडा वेळ तरी थांबावा, एवढेच हवे असते. पण म्हणून ते किरकोळ ठरत नाही. ज्यांनी एकदा स्वतःला इजा केली आहे त्यांना पुढे आत्महत्येचा धोका इतरांपेक्षा बराच जास्त असतो. 'लक्ष वेधून घेण्यासाठी नाटक करते' असे म्हणून हा विषय संपवणे म्हणजे धोक्याची घंटा हाताने दाबून धरण्यासारखे आहे.

हे दोन्ही विषय आम्ही एकत्र घेतले, कारण ते अनेकदा एकाच व्यक्तीत आढळतात. ज्या दुःखाला घरात शब्द मिळत नाही, ते कधी ताटावर उतरते तर कधी अंगावर.

महामारीच्या काळात काय घडले

जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२२ मध्ये सांगितले की महामारीच्या पहिल्या वर्षात जगभरात चिंता आणि नैराश्याचे प्रमाण सुमारे २५ टक्क्यांनी वाढले आणि त्याचा फटका तरुणांना व स्त्रियांना अधिक बसला.

खाण्याविषयीचे सर्वांत स्पष्ट चित्र इंग्लंडच्या राष्ट्रीय पाहणीतून मिळते. तिथे २०१७ मध्ये आणि पुन्हा २०२१ मध्ये मुलांना तेच प्रश्न विचारले गेले. ११ ते १६ वयोगटात खाण्याची समस्या असण्याची शक्यता दिसलेल्यांचे प्रमाण ६.७ टक्क्यांवरून १३ टक्क्यांवर गेले. १७ ते १९ वयोगटात ते ४४.६ वरून ५८.२ टक्क्यांवर गेले. हे निदान झालेले रुग्ण नव्हेत, चाळणीच्या प्रश्नांतून पुढे आलेली शक्यता आहे. तरीही चार वर्षांतील ही वाढ दुर्लक्ष करण्याजोगी नाही. अमेरिकेत २०२१च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये आत्महत्येच्या प्रयत्नाच्या संशयावरून तातडीच्या विभागात आणल्या गेलेल्या १२ ते १७ वयाच्या मुलींची संख्या २०१९च्या त्याच काळापेक्षा जवळपास ५१ टक्क्यांनी जास्त होती.

भारतात अशी सलग पाहणी हाताशी नाही. आपल्याकडे मोजले जातात ते मृत्यू. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालांनुसार देशात २०१९ मध्ये १०,३३५, २०२० मध्ये १२,५२६ आणि २०२१ मध्ये १३,०८९ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केली. २०२१ मध्ये एकूण १,६४,०३३ आत्महत्यांची नोंद झाली. त्यांत एक-तृतीयांशाहून अधिक व्यक्ती १८ ते ३० वयोगटातील होत्या, आणि राज्यांमध्ये सर्वाधिक संख्या महाराष्ट्राची होती. ज्यांनी स्वतःला इजा केली आणि जखम पूर्ण बाह्यांच्या शर्टाखाली लपवून कॉलेजला गेले, ते या आकड्यांत कुठेच नाहीत.

हे का घडले

एकच कारण सांगून मोकळे होता येणार नाही. पण आपल्या घरांतून काही गोष्टी एकत्र आल्या होत्या.

पहिली म्हणजे जागा. एका खोलीत सहा माणसे, त्यात काम गेलेला बाप, आजारी आजी आणि ऑनलाइन तास. रडायलाही आडोसा नव्हता. ज्या मुलीला घरातच हिंसा किंवा छळ सोसावा लागत होता, तिचा शाळा-कॉलेज हा एकमेव सुटकेचा रस्ता बंद झाला.

दुसरी म्हणजे तुटलेली शिडी. वसतिगृहे रिकामी झाली, मुले गावी परतली. एका मोबाईलवर दोन-तीन भावंडांचे शिक्षण चालले. स्पर्धा परीक्षा पुन्हा पुन्हा पुढे गेल्या. मार्च २०२१ मध्ये राज्यसेवेची पूर्वपरीक्षा ऐनवेळी पुढे ढकलल्याचे जाहीर झाले तेव्हा पुण्यात विद्यार्थी रस्त्यावर उतरले, ते उगाच नव्हे. घरातला पहिला शिकणारा मुलगा केवळ स्वतःची परीक्षा देत नसतो. सगळ्या घराचे, कधी सगळ्या वस्तीचे ओझे त्याच्या पाठीवर असते. 'बाबासाहेब किती हालात शिकले' हे वाक्य प्रेरणा देते. पण खचलेल्या मुलाला ते त्याच वेळी ऐकवले तर त्याला एवढेच कळते की आपण कमी पडलो.

तिसरी म्हणजे पडदा. दिवसभर स्वतःचाच चेहरा समोर, आणि तास संपला की व्यायामाचे, वजन घटवण्याचे, गोऱ्या-सडपातळ शरीराचे व्हिडिओ. रंग आणि अंगकाठीवरून टोमणे ऐकत वाढलेल्या मुलांना त्या चित्रांत स्वतःला जागा दिसत नाही. जातीवरून झालेला अपमान अनेकदा शरीराच्या आणि ताटाच्याच भाषेत येतो. कसा दिसतोस, काय खातोस, कसा खातोस. तो अपमान मुले गिळतात आणि पुढे स्वतःच्याच शरीराचा राग करू लागतात.

चौथी म्हणजे शोक. कितीतरी घरांतून माणसे गेली आणि त्यांचे अंत्यदर्शनही घेता आले नाही. जवळच्यांनी एकत्र बसून रडण्याचे, पुण्यानुमोदनाला जमण्याचे दिवसही हुकले.

'हे श्रीमंतांचे आजार' हा गैरसमज

आपल्या समाजात हा विषय निघाला की पहिले उत्तर येते, 'आपल्या पोरांना खायला मिळत नव्हते, हे कसले लाड?' हा गैरसमज सर्वांत घातक आहे, म्हणून त्याला पुराव्यानेच उत्तर द्यायला हवे.

१९४४-४५ मध्ये अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना स्वेच्छेने सहा महिने अर्धपोटी ठेवून अभ्यास केला. ते तरुण उदास आणि चिडचिडे झाले, माणसांपासून दूर गेले, दिवसरात्र अन्नाचाच विचार करू लागले. पुन्हा पुरेसे जेवण मिळू लागल्यावरही काहींचा खाण्यावरचा ताबा बराच काळ परत आला नाही. म्हणजे उपासमार केवळ शरीराची नसते, ती मनालाही बदलते. २०१७ मध्ये टेक्सासमधील सॅन अँटोनिओ शहरात मोफत धान्य घ्यायला येणाऱ्या कुटुंबांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. घरातील अन्नाची अनिश्चितता जितकी तीव्र, तितके ताबा सुटून खाण्याचे आणि खाण्याच्या विकारांच्या इतर लक्षणांचे प्रमाण जास्त, असे त्यात आढळले. आज आहे, उद्या मिळेल की नाही, या भीतीत वाढलेल्या पोटाचे वागणे हे लाड नव्हेत.

दुसरी अडचण अशी की आपल्याकडे हा आजार पुस्तकातल्या भाषेत बोलत नाही. १९९०च्या दशकात दिल्लीतील मानसोपचारतज्ज्ञांनी अशा तरुणींची नोंद केली, ज्या खाणे नाकारत होत्या, पण 'मला जाड व्हायची भीती वाटते' असे म्हणत नव्हत्या. आपल्या घरांत ऐकू येते ते असे: 'भूकच मरून गेली', 'दोन घास खाल्ले की पोट फुगते', 'मळमळते'. मग पोटाच्या तपासण्या होतात, टॉनिके होतात, बाहेरची बाधा म्हणून अंगारा होतो. शरीराची तपासणी जरूर करावी. पण सगळे अहवाल चांगले येऊनही मुलगी खात नसेल तर प्रश्न मनाचा असू शकतो.

आणि हा केवळ मुलींचा आजार नाही. मुलांमध्ये तो जिममधील अतिरेकी व्यायाम आणि 'बॉडी'च्या ध्यासामागे लपतो, म्हणून तो उशिरा लक्षात येतो.

काय दिसले तर सावध व्हावे

खाण्याबाबत:
- 'आधीच खाल्ले', 'नंतर खाईन' असे सांगून सर्वांसोबत जेवण टाळणे
- जेवण होताच दर वेळी बराच वेळ बाथरूममध्ये जाणे
- रात्री लपून खाणे, रिकामी पाकिटे दडवणे
- थोड्या काळात वजनात मोठा बदल, सतत थंडी वाजणे, केस गळणे, पाळी बंद होणे
- आजारी असतानाही व्यायाम न सोडणे

स्वतःला इजा करण्याबाबत:
- उन्हाळ्यातही अंग पूर्ण झाकणारे कपडे, पोहणे किंवा खेळ अचानक सोडणे
- वारंवार जखमा आणि त्यांची न पटणारी कारणे
- 'मी नसलो तर बरे होईल' अशा अर्थाचे बोलणे, आवडत्या वस्तू देऊन टाकणे, निरवानिरव करणे

चक्कर येऊन पडणे, छातीत धडधड, उलटीत रक्त, अतिशय अशक्तपणा किंवा जीव देण्याची भाषा यांपैकी काहीही असेल तर वाट न पाहता रुग्णालयात न्यावे. एक गोष्ट कार्यकर्त्यांनी विशेष लक्षात ठेवावी. अनेक दिवस जवळपास काहीच न खाल्लेल्या व्यक्तीला प्रेमापोटी एकदम भरपेट जेवू घालू नये. त्यामुळे रक्तातील क्षार अचानक बिघडून जिवाला धोका होऊ शकतो. अशा वेळी खाणे पुन्हा सुरू करायचे ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली.

बोलावे कसे

एकांतात बोला, जेवणाच्या ताटावर नको. शरीरावर नव्हे, माणसावर बोला. 'किती वाळलीस' किंवा 'आता छान भरलीस' ही दोन्ही वाक्ये टाळा. त्याऐवजी असे म्हणता येईल: 'ताई, तू हल्ली आमच्यासोबत डबा खात नाहीस. मला तुझी काळजी वाटते. काय चाललंय ते सांगशील?' ती चिडली किंवा गप्प राहिली तरी हरकत नाही. दार उघडे आहे, एवढे तिला कळले पाहिजे.

जखम दिसली तर ओरडू नका, 'पुन्हा करणार नाही' अशी शपथ घालू नका, फोटो काढू नका. आधी जखमेवर उपचार, मग ऐकणे. 'जीव द्यावासा वाटतो का?' हे स्पष्ट विचारावे. विचारल्याने तो विचार डोक्यात घातला जात नाही. उलट अनेकांना सुटल्यासारखे वाटते. उत्तर 'हो' असेल तर त्या व्यक्तीला एकटे सोडू नये, औषधांचा साठा आणि धोकादायक वस्तू हाताशी राहू देऊ नयेत आणि तातडीने मदत आणावी.

'कोणाला सांगू नकोस' अशा शपथेत अडकू नका. जिवाचा प्रश्न असेल तर योग्य माणसाला सांगावे लागेल, हे प्रेमाने पण आधीच सांगा. मात्र योग्य माणूस म्हणजे मंडळाचा व्हॉट्सॲप ग्रुप नव्हे. मदतीच्या आवाहनातही नाव, फोटो, कॉलेज टाकू नका. एका मुलीचे दुःख सगळ्या वस्तीच्या चर्चेचे झाले की पुढच्या दहा मुली गप्प बसतात.

उपोसथ, ध्यान आणि विहार

वर्षावासात आणि पौर्णिमेला आपल्याकडे अनेक जण अष्टशील घेऊन उपोसथ पाळतात, दुपारनंतर जेवत नाहीत. निरोगी माणसासाठी तो संयमाचा सराव आहे. पण खाण्याच्या विकाराशी झुंजणाऱ्या व्यक्तीला तोच उपोसथ न खाण्याचे सन्माननीय कारण पुरवू शकतो, आणि सगळे तिचे कौतुक करत राहतात. अशा व्यक्तीला 'तू जेव, हेच तुझे शील' असे सांगणारे कोणीतरी विहारात असले पाहिजे. सिद्धार्थाने देह झिजवणारी तपश्चर्या सोडली आणि सुजाताची खीर स्वीकारली, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. मध्यम मार्गाची सुरुवात एका वाटीभर अन्नापासून झाली, हे या संदर्भात पुन्हा सांगण्यासारखे आहे.

ध्यानाबाबतही तारतम्य हवे. स्वतःला इजा करणाऱ्यांसाठी परिणामकारक ठरलेली डीबीटी ही उपचारपद्धती अमेरिकी मानसशास्त्रज्ञ मार्शा लिनेहान यांनी विकसित केली. त्यात झेन परंपरेतून घेतलेला सजगतेचा सराव आहे. २०११ मध्ये लिनेहान यांनी जाहीरपणे सांगितले की तरुणपणी त्या स्वतः याच यातनेतून गेल्या होत्या. पण तिथे सजगता प्रशिक्षित तज्ज्ञासोबत, इतर कौशल्यांच्या जोडीने शिकवली जाते. गंभीर अवस्थेतील मुलाला थेट दहा दिवसांच्या मौन शिबिरात पाठवणे हा उपचार नव्हे. गंभीर मानसिक आजार असलेल्यांनी शिबिराला येऊ नये, असे विपश्यना केंद्रांच्या सूचनांतही सांगितलेले असते.

उपचार आणि हक्क

हे आजार बरे होऊ शकतात, आणि लवकर उपचार सुरू झाले तर शक्यता अधिक. खाण्याच्या विकारात शरीराचे डॉक्टर, मानसोपचारतज्ज्ञ आणि आहारतज्ज्ञ एकत्र लागतात. किशोरवयीन मुलांच्या ॲनोरेक्सियात पालकांनाच उपचाराचा भाग करून जेवणाची जबाबदारी काही काळ त्यांच्याकडे देणारी पद्धत उपयुक्त ठरली आहे. दोष घरच्यांचा, असे म्हणत त्यांना दूर सारण्यापेक्षा त्यांना सोबत घेणे महत्त्वाचे.

अडचण आहे ती पोहोचण्याची. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने केलेल्या २०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात वेगवेगळ्या मानसिक आजारांतील ७० ते ९२ टक्के लोक उपचारांपासून दूर असल्याचे आढळले. म्हणून कायदा माहीत असावा. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ प्रत्येकाला सरकारी खर्चाने चालणाऱ्या मानसिक आरोग्य सेवेचा हक्क देतो. दारिद्र्यरेषेखालील व्यक्तीला सरकारी सेवेत हे उपचार मोफत मिळाले पाहिजेत, मग कार्ड असो वा नसो. रुग्णाची माहिती गुप्त ठेवणे बंधनकारक आहे. आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे कायदा मानतो आणि तिला उपचार व पुनर्वसन देण्याची जबाबदारी सरकारवर टाकतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत जुन्या कलम ३०९ सारखे सरसकट शिक्षेचे कलमही राहिलेले नाही. त्यामुळे 'पोलीस केस होईल' या भीतीने मुलाला रुग्णालयात न नेण्याची चूक कोणी करू नये.

मदत कुठे मिळेल

- टेली-मानस: १४४१६ किंवा १-८००-८९१-४४१६
- तातडीची मदत: ११२, रुग्णवाहिका: १०८
- अठरा वर्षांखालील मुलांसाठी: १०९८
- जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार विभाग
- पुणे, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी येथील प्रादेशिक मनोरुग्णालये

मंडळे आणि संघटना काय करू शकतात

फार पैसा लागत नाही. विहाराच्या आणि अभ्यासिकेच्या फलकावर १४४१६ हा क्रमांक कायमचा लिहा. प्रत्येक शाखेतून दोन जण, एक मुलगा आणि एक मुलगी, ऐकून घेण्यासाठी आणि रुग्णालयात सोबत जाण्यासाठी नेमा. त्यांना जिल्हा रुग्णालयातील समुपदेशकाकडून एक दिवसाचे प्रशिक्षण मिळवून द्या. जयंतीच्या व्याख्यानमालेत एक सत्र या विषयाला द्या. अभ्यासिकेत दुपारचा डबा एकत्र बसून खाण्याची पद्धत पाडा. आणि निकालाच्या दिवशी पास झालेल्यांचा सत्कार करताना नापास झालेल्यांच्या घरी जाणारा एक कार्यकर्ता ठरवून ठेवा.

महामारीत आपण किटांची यादी केली आणि कितीतरी घरांची चूल पेटती ठेवली. त्याचा अभिमान आहे. आता दुसरी यादी करायची वेळ आली आहे. ती कागदावर किंवा ग्रुपवर लिहायची नाही, लक्षात ठेवायची आहे: कोण बरेच दिवस अभ्यासिकेत आले नाही, कोण डबा उघडत नाही, कोण उन्हाळ्यातही बाह्या वर करत नाही. त्या यादीतील एका नावापाशी आज जा आणि विचारा, 'जेवलास का?' आणि उत्तर ऐकायला थोडा वेळ थांबा.